शिवाजी पार्कची लाल धूळ

दादरचं शिवाजी पार्क 1925 साली महापालिकेनं खुलं केलं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं त्याला शिवरायांचं नाव मिळालं. मैदानाच्या कहाणीत नगरसेवक असे पहिल्यापासून आहेत.

आजची तक्रार मात्र धुळीची. मैदानावर लाल माती टाकली गेली आणि उन्हाळ्यात वारा सुटला की ती थेट समोरच्या इमारतींत शिरते. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट दुपारी पुन्हा तांबूस. कट्ट्यावर बसणारी ज्येष्ठ मंडळी खोकतात. पाणी शिंपडलं, पावसाचं पाणी जिरवायची योजना आली, गवत लावायचं ठरलं. पण गवताला पाणी रोज लागतं, आणि त्याच मैदानावर क्रिकेट आणि मोठमोठ्या सभाही होतात. माझ्या मते खरी अडचण निधीची नाही, रोजच्या देखभालीची आहे.

इथेच नगरसेवक हवा. प्रभाग समितीत तो अधिकाऱ्यांना जाब विचारू शकतो, कामाचा पाठपुरावा करू शकतो. मार्च 2022 मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात रहिवाशांना थेट विभाग कार्यालयाची पायरी चढावी लागली.

तुमच्या उद्यानातला दिवा बंद असेल, झोपाळा मोडला असेल, तर मुंबईत 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक जरूर लिहून घ्या आणि तोच घेऊन आपल्या नगरसेवकाला भेटा.