अंधाराच्या दोन पुजारिणी

अद्भुत कादंबरी म्हटली म्हणजे राक्षस, उडते घोडे आणि शेवटच्या पानावर राजकन्येचें लग्न, अशी समजूत पुष्कळ वाचकांच्या मनांत पक्की बसलेली असते. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'द टूम्ज ऑफ अटुआन' ही १९७१ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी हातीं घेणाऱ्याची ही समजूत थोड्याच वेळांत ढळूं लागते. येथें रणांगण नाहीं, दरबार नाहीं. जादूगार आहे, पण तो येतो तो पुष्कळ पानें उलटल्यावर, आणि येतांच कैदेंत पडतो. कथा आहे ती एका मुलीची, आणि ती मुलगी ज्या अंधाराची पूजा करते त्या अंधाराची.

अटुआन हें लेखिकेनें कल्पिलेलें एक बेट. त्याच्या ओसाड भागांत एका टेकडीवर नऊ काळे पाषाण आहेत. त्यांच्याखालीं भुयार, आणि भुयाराला जोडून एक विस्तीर्ण भुलभुलैया. भुयारांत दिवा नेणें हें घोर पाप. तेथें ज्या देवता नांदतात त्यांना रूप नाहीं, मूर्ति नाहीं, नांवही नाहीं. त्यांच्या मंदिरांत आहे तें एक रिकामें सिंहासन.

या देवतांची मुख्य पुजारीण कधीं मरत नाहीं, अशी तेथील श्रद्धा. तिनें देह ठेवला कीं त्याच रात्रीं जन्मलेली मुलगी शोधावयाची, आणि पांच वर्षांची झाली कीं देवळांत आणावयाची. तेनार नांवाची मुलगी अशीच सांपडते. तिच्या आईनें तान्ह्या मुलीच्या अंगावर रानफळांचा रस चोळून फोड आल्याचें सोंग केलेलें असतें. रोगी मुलगी देवतेला चालत नाहीं ना! सोंग उघडें पडतें. पुढें मंदिराच्या पायऱ्यांवर त्या मुलीच्या मानेवर तलवार उगारली जाते, ती मधल्यामध्यें थांबविली जाते, आणि तिचें नांव देवतांना अर्पण होतें. तेव्हांपासून ती 'आर्हा', म्हणजे 'गिळलेली'. बळी दिला जातो तो देहाचा नव्हे, नांवाचा. लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे विख्यात मानववंशशास्त्रज्ञ होते. धर्मविधि बाहेरून कसा दिसतो आणि आंतून माणसाचें काय करतो याची जाण या घराण्यांत होतीच.

आर्हा वाढते ती दोन वयस्क पुजारिणींच्या देखरेखीखालीं. थार ही कडक, पण न्यायी. भुलभुलैयांतील खजिन्याकडे जाणारीं वळणें तिला तोंडपाठ आहेत. मेलेल्या पुजारिणीनें तीं तिला सांगितलीं, तिनें तीं पुन्हा जन्मलेल्या पुजारिणीला सांगावयाचीं. म्हणजे आर्हेचीच ठेव आर्हेला परत! दुसरी कॉसिल. ही देवराजाची पुजारीण. कार्गाद देशाचा राजा स्वतःलाच देव म्हणवितो, आणि त्याचें देऊळ नीटनेटकें ठेवलेलें असतें. अनामिक देवतांच्या प्राचीन मंदिराचें छप्पर मात्र फुटलेलें. पायरीनें आर्हा श्रेष्ठ. सत्ता कॉसिलच्या हातीं. थार आजारानें मरण पावते आणि या दोघींमधील पडदा दूर होतो.

या वैराचें वर्णन लेखिकेनें मोठ्या संयमानें केलें आहे. शाप, विषप्रयोग, कारस्थानें यांची रेलचेल करणें सोपें होतें. त्याऐवजीं एकच प्रसंग सारें सांगून जातो. जेथें ठिणगीही पडूं नये त्या भुयारांत कॉसिल पेटती मेणबत्ती घेऊन शिरते, आणि आर्हेनें कैद्याला पुरल्याची थाप मारून केलेलें खोटें थडगें उकरून पाहते. आर्हा लपून बघत असते. देवता आतां हिला गिळतील म्हणून ती वाट पाहते. कांहींच होत नाहीं. कॉसिलची श्रद्धा कधींच संपलेली आहे. तिला हवें आहे तें केवळ देवळाचें वजन, लोकांचें भय. श्रद्धा नसलेली पुजारीण ही श्रद्धाळू पुजारिणीपेक्षां अधिक भयंकर, हें त्या एका मेणबत्तीच्या उजेडांत दिसतें.

परंतु आर्हाही निष्पाप नाहीं. देवराजानें पाठविलेल्या तीन कैद्यांना कसें मारावयाचें हें तिला ठरवावें लागतें, आणि ती सांगते: अन्न नको, पाणी नको. ती त्या वेळीं कोवळ्या वयाची आहे. नंतर तिला मूर्च्छा येते, रात्रीं दुःस्वप्नें पडतात. पण आज्ञा तिचीच. तिची मैत्रीण पेंथे हिनें तर यापेक्षां डुकरें राखणाऱ्याशीं लग्न बरें असें म्हणून मोकळें व्हावें! पोट भरेना म्हणून आईबापांनीं देवळांत आणून सोडलेली ही मुलगी देवराजालाही साधा माणूस समजते. तिचें तें हसणें आर्हेला प्रथम हादरवून टाकतें.

जादूगार गेड हा एका तुटलेल्या कंकणाचा अर्धा भाग शोधण्यासाठीं भुलभुलैयांत शिरतो. आर्हा त्याला कोंडते, तहानेनें मरूं देण्याचें ठरविते, आणि तें तिच्यानें होत नाहीं. पाणी देते. देवतांविषयीं त्याचें म्हणणें मोठें मार्मिक आहे: त्या खऱ्या आहेत, त्यांचें बळही खरें आहे, पण त्यांना नाकारूंही नये आणि पूजूंही नये. कॉसिल नाकारते, आर्हा पूजते, दोघीही चुकतात. तो तिला तिचें खरें नांव परत देतो, आणि त्या नांवाच्या बळावरच ती दार उघडते.

बाईची सुटका पुरुषाच्या हातून झाली, असा आक्षेप या कादंबरीवर घेतला जातो. तो अगदींच पोकळ नाहीं. मात्र भूकंपानें टेकडी ढासळण्यापूर्वीं भुलभुलैयाच्या वाटा ठाऊक असतात त्या तेनारलाच. ती नसती तर गेडचीं हाडें तेथेंच पडलीं असतीं. पुढें १९९० च्या 'तेहानू' मध्यें ले ग्विनबाई पुन्हा तेनारकडे वळल्या. तेथें ती प्रौढ, विधवा, शेत सांभाळणारी बाई आहे, आणि जादूगार आपलें सामर्थ्य गमावून बसलेला.

शेवटचीं पानें सर्वांत सरस. सांधलेलें कंकण तेनारच्या हातांत आहे, समुद्र समोर आहे, आणि तिच्या मनांत आनंद नाहीं. बेसावध बसलेल्या गेडवर सुरी चालविण्याचा विचारही तिच्या मनांत येऊन जातो. मग ती रडते: अंधाराच्या चाकरींत गेलेल्या वर्षांसाठीं, आणि हातीं आलेल्या मोकळीकीचें ओझें उचलवेना म्हणून. हॅवनर बंदरावर लोक जयघोष करीत असतात. मुलगी घरीं जाणाऱ्या पोराप्रमाणें त्याचा हात धरून गर्दींतून चालूं लागते.