वडिलार्जित घराचा निर्णय
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वडिलार्जित घराचे काय करावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वकील नव्हे आणि स्थापत्यशास्त्रज्ञही नव्हे. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्ही नुकतेच त्या भोवऱ्यातून बाहेर पडला आहात, तेवढा अधिकार पुरे." बाहेर पडलो की नाही, हे सर्व ऐकून आपणच ठरवावे.

आमचे घर खडकवासल्याच्या जुन्या गावठाणात, वरच्या आळीत आहे. दगडी जोते, मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया आणि वर कौले. पुढे ओसरी, मग सोपा, माजघर आणि मागे परसात लिंबाचे झाड. हे घर आमच्या पणजोबांनी बांधले. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणाला पेलवला नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी सांगत असे की, त्या दिवशी खालच्या आळीतील माणसे आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि पुढे कित्येक दिवस तिने घरात दोन चुली पेटत्या ठेवल्या. लहानपणी ही हकीकत इतक्या वेळा ऐकली होती की, ते घर आपले एकट्याचे आहे असे मला कधी वाटलेच नाही. पुढे मात्र तसे वाटू लागले, आणि तेथेच माझी चूक झाली.

वडील २०१६ साली वारले, आई २०१९ साली. मागे आम्ही चार भावंडे : दादा, अक्का, मी आणि धाकटी बहीण. घराला कुलूप लागले. ३० जून २०२१ रोजी खडकवासला पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले आणि जागेला विचारणा होऊ लागली. एका बांधकाम व्यावसायिकाचा माणूस दादांकडे दोनदा येऊन गेला. दादा म्हणाले, विकून टाकू. मी म्हणालो, पूर्वजांची वास्तू विकणे शोभत नाही. येथे एक कबुली दिली पाहिजे. वास्तूचा अभिमान सांगणारा मी, गेल्या पावसाळ्यात फुटलेली कौले बदलण्यासाठी मात्र एक पैसाही खर्चिलेला नव्हता. असे अभिमानी आपल्या समाजात पुष्कळ आहेत.

मी एक हक्कसोडपत्र लिहवून घेतले आणि दोन्ही बहिणींच्या सह्यांसाठी पाठविले. बहिणी वाटा मागत नाहीत, हे मी गृहीतच धरले होते. धाकटीने उत्तर दिले नाही. अक्का मात्र स्वतः आली. पतिनिधनानंतर ती मुलाकडे दोन खोल्यांत राहते. कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "अण्णा, आईची शेवटची तीन वर्षे मी याच घरात काढली. मला इथे राहायचे आहे का, एवढे तरी विचारायचे होतेस." मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतर मी कायदा समजावून घेतला. तो आधी समजावून घ्यावयास हवा होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात राहत्या घराविषयी एक कलम होते. पुरुष वारसांनी वाटणी करावयाचे ठरविल्यावाचून स्त्री वारसाला ती मागता येत नसे. मात्र अविवाहित, विधवा किंवा परित्यक्ता मुलीला तेथे राहण्याचा अधिकार तेव्हाही होता. ते कलम २००५ साली रद्द झाले आणि त्याच वर्षी मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने त्या दिशेने १९९४ सालीच पाऊल टाकले होते. २००५ पूर्वी वडील वारले असतील तर काय, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मुलींच्या बाजूने मिटविला. म्हणजे आमच्या घरात चौघांचे चार सारखे हिस्से होते आणि मी पाठविलेला कागद ही मागणी नव्हती, ती आगळीक होती.

कायद्यातील आणखी एक सोय आपल्या मंडळींना फारशी ठाऊक नसते. एखादा वारस वारशाने आलेला आपला हिस्सा विकू लागला, तर तो प्रथम विकत घेण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने इतर वारसांना दिलेला आहे. अविभक्त राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला आणि तो वाटणीसाठी न्यायालयात गेला, तर तो हिस्सा रास्त किमतीला परत घेण्याची मुभा घरच्यांना १८९३ च्या वाटणी कायद्याने दिली आहे. यामुळे घाबरून जाऊन घाईने विकण्याचे कारण राहत नाही.

कागदपत्रांची कथा वेगळीच निघाली. आमच्याजवळ ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा होता आणि तोच मालकीचा पुरावा, असे आम्ही समजत होतो. तो कर आकारणीचा दप्तरी उतारा आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. जुनी दप्तरे पाहता पणजोबांच्या भावाचे नावही तेथे निघाले. त्यांनी तोंडी वाटणीत शेत घेतले आणि आम्हांकडे घर राहिले, हे सर्वांना माहीत होते, पण कागदावर कोठेच नव्हते. त्यांच्या नातवाला शोधीत मी मुंबईस गेलो. त्या गृहस्थांनी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन आनंदाने सही केली आणि मोबदला म्हणून माजघरातील जाते तेवढे मागून नेले. इतके सौजन्य सर्वांच्या वाट्यास येत नाही, म्हणून तोंडी वाटण्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी जाणती माणसे हयात आहेत तोवर त्या लिहून, नोंदवून घ्याव्यात.

आमच्या एका भाच्याने सुचविले की, घराचे संग्रहालय करावे. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपला संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला, हे उदाहरण त्याने दिले. केळकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले होते. आमच्याजवळ दोन पाटे आणि एक मोडका पाळणा आहे. ती सूचना मागे पडली.

शेवटी आम्ही चौघे त्याच ओसरीवर बसलो. तेथे दादांनी प्रथमच सांगितले की, त्यांना पैशाची निकड आहे. शस्त्रक्रिया करावयाची आहे आणि मुलाच्या घराचे कर्ज डोक्यावर आहे. आम्ही त्यांना दोन वर्षे मनातल्या मनात लोभी ठरविले होते. पानशेत आणि वरसगाव येथील धरणांखाली ज्यांची घरे बुडाली, त्यांना ठेवावे की विकावे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आम्हांला तो विचारण्याची सवड होती, आणि आम्ही ती अबोल्यात घालविली.

ठरले ते असे. दादांचा हिस्सा मी आणि धाकटीने मिळून तीन वर्षांच्या हप्त्यांनी घ्यावयाचा. पहिला हप्ता दिला आहे. मागील दोन खोल्या आणि परस अक्काकडे. त्या तिच्या हिश्श्याच्या, दयेच्या नव्हेत, असे नोंदणीकृत वाटणीपत्रात स्पष्ट लिहिले आहे. अभियंत्याने पाहणी करून सांगितले की, भिंती चांगल्या आहेत, पण दोन तुळयांना वाळवी लागली आहे. त्या तुळया येत्या मार्गशीर्षात बदलावयाच्या आहेत. खर्चाची वाटणी अजून ठरलेली नाही. धाकटीचे म्हणणे आहे की, सर्वांत मोठा वाटा मी उचलावा, आणि कारण विचारले तर ती त्या हक्कसोडपत्राकडे बोट दाखविते. किल्ली सध्या अक्काजवळ आहे.