जास्त हात वर झाले म्हणजे न्याय झाला का?

(राजूरच्या शिबिरातलं बोलणं)



आमच्या ठाकरवाडीत बावीस घरं. गावठाणात सहापट. ग्रामसभेत ठराव आला, की वाडीच्या वरच्या जमिनीचे वनहक्क दावे नामंजूर करायचे आणि ती जागा चराईला सोडायची. म्हणजे जिथं आमच्या आज्यापासून नागली-वरई पिकते तीच जागा. त्या दिवशी निम्मी वाडी नारायणगावला मजुरीला गेलेली. हात मोजले, ठराव पास. वर आम्हाला ऐकवलं, लोकशाही आहे, बहुमत मान्य करा.

लोकशाही एवढीच असती तर आपल्याला कधी काही मिळालंच नसतं. नगर जिल्ह्यात शंभर माणसांत आदिवासी आठ-नऊ. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. राज्य इंग्रजाचं, डोंगरातल्या माणसाला कोण विचारतो! पण समजा मत घेतलं असतं. पाणी जाणार प्रवरेच्या खालच्या अंगाला, तिथं माणसं हजारोंनी. जमीन बुडणार वरच्या थोड्यांची. मतपेटीतून दुसरं काय निघालं असतं?

बाबासाहेबांनी १९४५ साली मुंबईच्या भाषणात हीच गोष्ट मांडली होती. त्यांचं म्हणणं असं, की राजकीय बहुमत घडतं आणि बदलतं, त्याचं दार सगळ्यांना उघडं असतं. जातीधर्माचं बहुमत जन्मानं ठरतं, त्याचं दार बंद. आज हरलो तर उद्या चार माणसं पटवून जिंकू, ही आशा असेल तर हार पचते. पण वाडीचा माणूस गावठाणात कधी जन्मणार? त्याची हार कायमची.

मग बहुमत नकोच का? तसं नाही. यंदा रस्ता आधी करायचा की हातपंप, हे हात मोजूनच ठरवा. पण कुणाची कसायची जमीन ही हात मोजून काढून घ्यायची वस्तू नाही.

आणि हे कायद्यालाही माहीत आहे. वनहक्क कायदा २००६ चा, नियमांत २०१२ ला सुधारणा झाली. ठराव साध्या बहुमतानेच होतो, पण आधी अटी आहेत. ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, आणि दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं समोर पाहिजेत. आमच्याकडे दावेदार एकोणीस, हजर सहा. मग कितीही हात वर होवोत. शिवाय दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून उठवता येत नाही, हे कलम ४(५) सांगतं. ते पाठच करून ठेवा.

गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव आहे, गोंडांचं. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं ग्रामसभा बहुमताने ठरवतच नाही, सगळ्यांची सहमती लागते. एक जण अडला तरी पुन्हा बसतात. वेळ जातो, हे खरं. पण घाईने केलेला ठराव मोडायला किती वर्षं जातात, ते आपण बघतोच आहोत.

एक गोष्ट आपल्या माणसांनाही सांगायची. जिथं महादेव कोळी जास्त आणि कातकऱ्यांची दोन-तीन घरं, तिथं बहुमत आपलं असतं. तिथंही त्या दोन घरांना आधी बोलू द्यायचं. आणि बायांचे नुसते अंगठे वहीत घेऊन भागत नाही, त्या सभेत पुढं बसल्या पाहिजेत.

आम्ही साठ दिवसांच्या आत उपविभागस्तरीय समितीकडे अर्ज दिलाय, हजेरीची नक्कल जोडून. तुमच्याकडे असा ठराव झाला असेल तर त्याची तारीख लिहून ठेवा, साठ दिवस तिथून मोजतात. ग्रामसेवकाकडे ठरावाची आणि हजेरीची नक्कल लेखी मागा, पोच घ्या. देत नसेल तर निरोप धाडा, आमच्यातले दोघं-तिघं सोबत येतील.