पारख : पाठीवरच्या ओझ्याची



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. बेळगावात, मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील भाषेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र सॅक, बूट, तंबू आणि घोंगडी यांविषयी बोलणार आहे. गुरुजींकडून मी व्याकरण शिकलो, तसेच डोंगरात मुक्कामाला जाताना काय न्यावे आणि ते कसे पारखावे, हेही शिकलो. त्यातला एक धडा मी मोडला. त्याची कबुली त्यांच्या हयातीत द्यायची राहून गेली; ती आज द्यावयाची आहे.

१९६० नंतरच्या त्या वर्षांत आम्ही मुले गुरुजींबरोबर चंदगड तालुक्यातील गडांवर जात असू. महिपाळगड, गंधर्वगड, कलानिधीगड, पारगड हे आमचे शेजारीच. गुरुजींचा एक दंडक होता. सहलीच्या आधीच्या शनिवारी प्रत्येकाने सर्व सामानासह शाळेच्या पटांगणात झोपायचे. घर हाकेच्या अंतरावर असले तरी घरून काही मागवायचे नाही. ज्याची विजेरी बंद पडली तो अंधारात, ज्याने पांघरूण कमी आणले तो कुडकुडत. सकाळी प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या : काय उणे पडले आणि काय नुसतेच वाहून आणले. गुरुजी म्हणत, ‘‘पटांगणात चुकलेल्याचे हसे होते, डोंगरावर चुकलेल्याचे हाल होतात.’’

भाषेच्या माणसाला एक शब्द उलगडून सांगण्याची मुभा असावी. ‘पारख’ हा शब्द ‘परीक्षा’ या संस्कृत शब्दावरून आला. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. दुकानाच्या दिव्याखाली आपण वस्तू एका बाजूने पाहतो. तिचा रंग आणि तिची किंमत पाहतो. तिच्या बाकीच्या बाजू अंधारात, पावसात आणि थकव्यातच दिसतात. निवड दुकानात होते. पारख मुक्कामी होते.

आता माझी गोष्ट. १९७९ सालचा जुलै. मी नुकताच तिशीत पोचलेला अधिव्याख्याता होतो. चौदा विद्यार्थ्यांना घेऊन पारगडावर मुक्कामाला गेलो. दोन नवे तंबू विकत घेतले होते. पाणी शिरणार नाही, अशी विक्रेत्याने हमी दिली होती. पटांगणातली रात्र मी टाळली. वेळ नाही, असे मुलांना सांगितले. खरे कारण असे की, नावापुढे पदव्या लागल्यावर त्या शाळकरी तालमीची मला लाज वाटू लागली होती.

पारगडावर वस्ती आहे, भवानीचे देऊळ आहे. देवळात निजता आले असते. पण नव्या तंबूंची हौस! रात्री पावसाने धरले आणि वारा सुटला. तंबूचे कापड उत्तम होते. पाणी शिवणीतून, सुईच्या एकेका छिद्रातून आत आले. मुलांजवळ सोलापुरी चादरी होत्या, अंगावर सुती कपडे होते. सारे भिजले. एक किरकोळ अंगाचा मुलगा बराच वेळ थडथडत होता. पुढे त्याचे कापणे थांबले आणि मला वाटले, बरे झाले, झोप लागली. तेवढ्यात वस्तीवरचे एक आजोबा कंदील घेऊन आमची चौकशी करायला आले. त्यांनी मुलाच्या पोटाला हात लावला आणि म्हणाले, ‘‘मास्तर, पोर गार पडलंय. ओलं काढा आधी.’’ मुलाला त्यांनी घरात नेले, कोरडे केले, घोंगडीत गुंडाळले, आणि तो नीट बोलू लागल्यावर गुळाचा गरम चहा घोटघोट पाजला. पहाटे मुलगा सावरला.

परतल्यावर गुरुजींनी विचारले, ‘‘तंबू कसे निघाले?’’ मी म्हणालो, ‘‘पाऊस फार होता, गुरुजी.’’ त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

त्या रात्री काय घडले, हे मला पुढे वाचनातून कळले. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की धोका सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही, पाऊस आणि वारा पुरतात. कुडकुडणे हा शरीराचा उष्णता निर्माण करण्याचा प्रयत्न असतो. अंग गारच असताना तो थांबला आणि बोलणे अडखळू लागले, तर तो आराम नव्हे, धोक्याची घंटा होय. ओला सुती कपडा अंगाची ऊब शोषून नेतो. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी धनगर पावसात पांघरतो, ती उगीच नव्हे. मात्र ती जड असते आणि भिजली की आणखी जड होते. म्हणून आज मी मुलांना हलका लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा स्वेटर न्यायला सांगतो आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला सांगतो.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूची पटांगणात परीक्षा घेत आलो. तंबू अंगणात उभारावा आणि त्याच्या शिवणींवर अर्धा तास पाणी सोडावे. गळेल ती शिवण टेपने किंवा डिंकासारख्या लेपाने बंद करावी. सकाळी कापड आतून ओले दिसले, तर गळती कोणती आणि आपल्याच श्वासाचे दव कोणते, हे ओळखायला शिकावे. दवावर उपाय हवा खेळती ठेवणे हाच. सॅक रिकामी घालून आरशात पाहू नये. तीत दहा किलो तांदूळ भरून जिने चढावे-उतरावे. कंबरपट्टा आवळल्यावर भार खांद्यांवरून बराचसा कमरेवर आला पाहिजे. येत नसेल तर ती सॅक आपल्या पाठीच्या मापाची नाही. एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावे, हा जुना ठोकताळा आहे. साठ किलोच्या मुलाने बारा किलो. त्यात तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, हे विसरू नये.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. आणि नवे बूट कधीही थेट गडावर नेऊ नयेत. उतरताना बोटे पुढे आपटतात का, हे उतारावरच कळते. झोपताना वरच्या पांघरुणाइतकेच खालचे अंथरूण महत्त्वाचे. स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ऊब धरत नाही, म्हणून कॅरीमॅट हवीच. स्टोव्ह वाऱ्यात पेटवून पाहावा, पण तंबूत कधीही नाही. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

परतल्यावर सामानाचे तीन ढीग करावेत : रोज लागलेले, एकदा लागलेले आणि मुळीच न लागलेले. औषधे आणि पावसाचे सामान सोडून तिसरा ढीग पुढच्या वेळी घरी ठेवावा.

हे सारे महागड्या वस्तूंचे शास्त्र आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एमा गेटवुड या बाई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलाचियन वाट एकट्या चालल्या. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा आणि पायांत कापडी बूट. पण त्याच्या आदल्या वर्षीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. वाट चुकली होती, चष्मा फुटला होता. १९५५ साली त्या निघाल्या, तेव्हा सामान स्वस्त असले तरी त्या स्वतः पारखलेल्या होत्या.

आज सामान मुबलक मिळते आणि घरबसल्या येते. म्हणूनच शाळेला माझी विनंती आहे : पटांगणातील ती रात्र पुन्हा सुरू करावी. मुलांना चुकू द्यावे, हसू द्यावे, आणि सकाळी खरे सांगू द्यावे. मला ते शेवटचे जमले नव्हते. आज गुरुजींच्या तसबिरीसमोर सांगतो : पाऊस फार होता हे खरे; पण तंबू मी तपासले नव्हते, गुरुजी.