सेवेला गेलात, तरी दुखणं अंगावर काढू नका



जर्मनीत न्यूरेंबर्गला लागून एर्लांगेन हे शहर आहे. तिथलं विद्यापीठ १७४३ सालचं. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७७९ मध्ये डॉक्टरकीची पदवी इथूनच घेतली. जर्मनीतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९८२ साली इथेच जन्मलं. रुग्णालयं, प्रयोगशाळा आणि वैद्यकीय यंत्रांचे कारखाने यांचंच हे गाव.

या देशात स्वयंसेवेचं वर्ष करण्याची चांगली सोय आहे. सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाल्यावर २०११ च्या जुलैपासून 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट' ही योजना सुरू झाली. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात काम करायचं, सोबत प्रशिक्षण घ्यायचं. राहण्याजेवण्याची सोय काही ठिकाणी होते, शिवाय थोडा हातखर्च मिळतो. परदेशातले तरुणही यात येतात. मीही असं वर्ष एर्लांगेनमधल्या एका रुग्णालयात केलं आणि ऐन थंडीत तिथेच आजारी पडले.

सकाळची पाळी होती. घरून निघाले तेव्हा बरी होते. नऊच्या सुमाराला नाश्त्याचे ट्रे गोळा करताना एकदम कापरं भरलं. ट्रॉलीवरचे कप किणकिणायला लागले तसं मुख्य सिस्टरांनी वळून पाहिलं. कानात थर्मामीटर धरला, ताप एकोणचाळीसच्या वर. त्यांनी माझ्या तोंडावर मास्क चढवला आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता घरी जायचं. इथे केमोथेरपीचे पेशंट आहेत." आवाजात राग नव्हता. तुझं अंथरुणात पडून राहणं हेही आज वॉर्डाचंच काम आहे, एवढंच त्यांनी मला पटवून दिलं.

फॅमिली डॉक्टरांनी तपासून फ्लूचं निदान केलं. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, अँटिबायोटिकही नाही. भरपूर पाणी प्या, झोपा, ताप चढला तर पॅरासिटामॉल घ्या, धाप लागली तर लगेच कळवा. तिकडे फोनवर आईचा जीव टांगणीला लागलेला. "एक सुई टोचून घे, उद्या उभी राहशील," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पण फ्लू विषाणूचा. त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. विश्रांतीला पर्याय नव्हता.

आपली मुलं इथेच कचरतात. रजा घेतली तर आळशी म्हणतील, पैसे कापतील, परत पाठवतील, अशी धास्ती असते. म्हणून नियम माहीत हवेत. या योजनेत आरोग्यविम्याचा हप्ता संस्था भरते. आजारपणातही सहा आठवड्यांपर्यंत हातखर्च चालू राहतो. रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर सरकारी विम्यात आपल्याला दिवसाला १० युरो भरावे लागतात, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवसांचे. आपलं कर्तव्य एवढंच, की पाळी सुरू होण्याआधी फोन करून कळवायचं आणि सांगितलेल्या मुदतीत डॉक्टरांकडे जायचं.

श्रोतेहो, दुखणं सोसत राहण्याची किंमत आपल्या महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हाही त्यांची प्रकृती धड नव्हती. फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारं अन्न आणि अभ्यासाचा ताण यांत क्षयानं त्यांना गाठलं. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय अवघं एकवीस. ज्या १८८६ साली त्यांना पदवी मिळाली, त्याच साली एर्लांगेनमध्ये रायनिगर, गेबर्ट आणि शाल ही वैद्यकीय उपकरणांची कंपनी उभी राहिली. पुढे तिनं क्ष-किरणांची यंत्रं बनवली. पण क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये आणि क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. आनंदीबाईंच्या फुप्फुसांचा फोटो काढता आला नसता आणि त्यांना देण्यासारखं औषधही कुणाकडे नव्हतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. युद्धाच्या धामधुमीत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये अपस्माराच्या झटक्यांनी, बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले.

या दोघांपुढे आपण हात जोडतो, आणि जोडायलाच हवेत. पण त्यांच्या त्यागातून आपण सोसण्याचाच धडा घेतला, तर तो चुकीचा ठरेल. त्यांना जे मिळालं नाही ते आज आपल्या मुलांच्या हाताशी आहे. ते वापरायला लाजू नये.

म्हणून जर्मनीला निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. पोहोचल्याबरोबर, धडधाकट असतानाच, फॅमिली डॉक्टर ठरवून ठेवा. पॅरासिटामॉल तिथे फक्त औषधाच्या दुकानात मिळतं आणि रविवारी पाळीवरची मोजकी दुकानंच उघडी असतात, म्हणून एक पाकीट घरात असू द्या. जिवावर बेतलं तर ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवे असतील तर ११६११७, हे दोन क्रमांक पाठ करा. आणि पालकहो, मुलीनं "आज रजेवर आहे" असं सांगितलं, तर "रजा कशाला घेतलीस?" असं विचारू नका. "ताप किती आहे, डॉक्टरांकडे गेलीस का?" एवढंच विचारा.