मरुभूमीतील शिलाचित्रे व निवडुंग
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले व्याख्यान)



भूगोलाच्या तासाला 'वाळवंट' हा शब्द उच्चारताच मुलांच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या, उंटांचा तांडा आणि खजुराची चार झाडे उभी राहतात. हे चित्र खोटे नव्हे, पण अपुरे आहे. आज मी ज्या वाळवंटाविषयी बोलणार आहे, तेथे वाळूपेक्षा खडक अधिक आणि खडकांहून झाडेझुडुपे अधिक आहेत. त्याचे नाव सोनोरा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना व कॅलिफोर्निया यांचा काही भाग आणि मेक्सिको देशाचा वायव्य भाग मिळून सुमारे एक लक्ष चौरस मैलांचा हा प्रदेश आहे. तेथील टुसॉन शहरी वर्षाकाठी सरासरी अकरा-बारा इंच पाऊस पडतो. तो एकदा हिवाळ्यात संथपणे आणि एकदा जुलै ते सप्टेंबरमध्ये गडगडाटासह येतो. या दुसऱ्या पावसाला तेथील लोकही 'मान्सून' असेच म्हणतात.

या प्रदेशाचा राजा म्हणजे सवारो हा निवडुंग. चाळीस फुटांपर्यंत उंच जाणारा हिरवा खांब आणि त्याला वर वळलेले बाहू, अशी त्याची आकृती असते. त्याच्या अंगावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला म्हणजे जमिनीखाली काही इंचांवरच दूरवर पसरलेली मुळे पाणी शोषून घेतात, घड्या उलगडतात आणि खोड फुगते. उन्हाळ्यात साठा खर्ची पडू लागला की त्या पुन्हा मिटतात. पाने नाहीत, त्यांच्या जागी काटे आहेत. अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोडच करते.

परंतु आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे तो त्याच्या वाढीचा वेग. पहिल्या आठ वर्षांत हे रोप जेमतेम एक ते दीड इंच वाढते. पहिला बाहू फुटावयास पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात, आणि आयुष्य दीडशे वर्षांहून अधिक असते. एका फळात दोन हजारांपर्यंत बिया असतात. पण ज्या बीला पालो व्हर्दे किंवा मेस्किट यांसारख्या झाडाची सावली लाभते, तीच बहुधा तग धरते. त्या झाडांना तेथे 'दाई-वृक्ष' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. सवारोची पांढरी फुले रात्री उमलतात व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात वटवाघळे, पारवे व मधमाश्या परागीकरण उरकतात. सुतारपक्षी खोडात घरटे कोरतो, आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे घुबड संसार थाटते. तोहोनो ओओडम ही तेथील मूळची जमात. या जमातीचे लोक जून-जुलैत लांब काठीने फळे पाडून त्यांचा पाक करतात. त्या हंगामापासूनच त्यांचे नवे वर्ष आरंभते.

या सवारोंच्या वनात हिंडताना प्रवाशाची नजर ज्याला शोधीत असते, तो आहे तुरेवाला सवारो. हजारो वृक्षांत क्वचित एखाद्याचा शेंडा सरळ न वाढता पंख्यासारखा पसरतो. शेंड्याच्या एका वाढबिंदूची जणू रेषाच होते आणि वाढ आडवी पसरत जाते. हे कशामुळे घडते, याविषयी शास्त्रज्ञांचे अद्यापि एकमत नाही. मुलांना हे समजाविण्यासाठी ॲरिझोनाला जाण्याचे कारण नाही. शाळेच्या बागेत कोंबड्याचे फूल असेल, तर त्याचा वळ्यावळ्यांचा तुरा दाखवावा. तोही याच प्रकारच्या वाढीतून होतो.

आता शिलाचित्रांकडे वळू. टुसॉनच्या पश्चिमेस सवारो राष्ट्रीय उद्यानात सिग्नल हिल नावाची एक लहानशी टेकडी आहे. तिच्या काळपट शिळांवर डझनावारी आकृती कोरलेल्या आहेत. वर्तुळे आहेत, नागमोडी रेषा आहेत, पशू आहेत आणि माथ्याजवळ एक मोठे चक्राकार वळण आहे. ही होहोकाम संस्कृतीच्या लोकांची कृती. साधारणपणे इसवी सन ४५० ते १४५० या काळात हे लोक येथे नांदले. नद्यांतून शेकडो मैलांचे कालवे काढून त्यांनी मका, भोपळा व कापूस पिकविला. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. लाकडी व दगडी अवजारांनीच त्यांनी हे काम केले.

ही चित्रे रंगविलेली नाहीत, ठोकून कोरलेली आहेत. वाळवंटात उघड्या राहिलेल्या खडकावर माती, लोह व मँगनीज यांचा एक अतिशय पातळ काळपट थर बसतो. तो जमण्यास हजारो वर्षे लागतात. कठीण दगडाने तो टोचून काढला की आतील फिकट खडक दिसू लागतो, तीच रेषा. म्हणजे पाटीवर जसे काळ्यावर पांढरे उमटते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, ही पाटी पुसून पुन्हा कोरी करता येत नाही. कोणी हौसेने आपले नाव शेजारी कोरले, तर ती जखम भरून यावयास मानवी इतिहास पुरणार नाही.

या चित्रांचा अर्थ काय, असे मुले विचारतील. येथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. 'दिसते काय' आणि 'वाटते काय' हे दोन प्रश्न त्याने वेगळे ठेवले पाहिजेत. वळण दिसते, ते किती वेढ्यांचे आहे हे मोजता येते; ते सूर्याचे आहे की पाण्याच्या भोवऱ्याचे, हे मात्र वाटण्याच्या कोटीतील आहे. हा विवेक ज्या मुलाच्या अंगी बाणला, त्याला विज्ञानाचा पहिला धडा मिळाला असे समजावे.

या सर्व ठेव्यावर आज संकट आहे. सवारो तोडणे किंवा परवान्यावाचून हलविणे ॲरिझोनात कायद्याने गुन्हा आहे. तरीही चोऱ्या होतात, म्हणून उद्यानातील काही वृक्षांत ओळख पटविणारी सूक्ष्म यंत्रखूण बसविलेली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरी सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता आणि कित्येक सवारो कोलमडून पडले. पण याहून शिकण्याजोगा शत्रू निराळाच आहे. तो म्हणजे एक गवत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुरांच्या चाऱ्यासाठी व धूप थांबविण्यासाठी ते तेथे बाहेरून नेण्यात आले. ते मोकाट पसरले. पूर्वी झाडाझाडांमध्ये उघडी जमीन असल्याने तेथे वणवा पसरत नसे. आता हे वाळलेले गवत आग एका झाडाकडून दुसऱ्याकडे पोचविते, आणि सवारोला आग सोसत नाही. आता स्वयंसेवक डोंगरउतारावर जाऊन ते खणून काढीत असतात.

हे गवत कोणते? आपण ज्याला अंजन गवत म्हणतो, तेच! आपल्या कोरडवाहू मुलखात हेच गवत उत्तम चारा म्हणून मुद्दाम लावले जाते. याच्या उलट कथा आपल्याकडील फड्या निवडुंगाची आहे. तो मूळचा अमेरिकेचा. कुंपणासाठी व किरमिजी रंग देणारे किडे पोसण्यासाठी तो भारतात लावला गेला, आणि पुढे त्याने कुरणे व शेते व्यापली. अखेर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यावर जगणारा किडा श्रीलंकेतून आणून सोडला, तेव्हा दक्षिण भारतातील त्याचा जोर ओसरला. तिकडची वनस्पती इकडे शत्रू झाली आणि इकडची तिकडे. वस्तू स्वभावतः वाईट नसते. तिचे स्थान चुकले की अनर्थ होतो, हे मुलांना सांगण्यास यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

येथे एक वनस्पतिशास्त्रीय खुलासा करतो. आपल्या बांधावरील तीनधारी निवडुंग हा या कुळातला नव्हे. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. तो एरंडाच्या कुळातील आहे. फड्या निवडुंगाला असा चीक येत नाही व त्याचे काटे लहान लवदार गाद्यांतून उगवतात. दोन्ही लांबून, न मोडता मुलांना दाखवावेत. तीनधारीचा चीक डोळ्यांस घातक आहे.

शिलाचित्रांच्या बाबतीतही आपण दरिद्री नाही. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर माणसे, मासे, हत्ती आणि अनाकलनीय चौकटी कोरलेल्या आहेत. ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. बारसू, उक्षी, कशेळी, कुडोपी या गावांची नावे तीत आहेत. सड्यावर गुरे चारणाऱ्या मुलाला ती पंडितांच्या आधी दिसलेली असतात. म्हणून त्यांचे रक्षण करण्याची पहिली संधी खेड्यातील शाळेलाच आहे.

यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : जुनी चित्रे पाहण्यास मुलांना न्यावे, परंतु रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरू नये, पाणी ओतू नये, त्यांवर पाय देऊ नये. सकाळच्या अथवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात त्या आपोआप स्पष्ट दिसतात. दुसरी : आकृतीची लांबी-रुंदी दोरीने, स्पर्श न करता मोजावी आणि वहीत तिचे चित्र काढावे, अर्थ लिहावयाचा झाल्यास तो निराळ्या पानावर लिहावा. नवी आकृती आढळल्यास जागा नोंदवून पुरातत्त्व खात्यास कळवावे.

तिसरी सूचना काळाविषयी आहे. टुसॉन येथील टुमामॉक टेकडीवर १९०३ साली वाळवंटाच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तेथे आखलेल्या जमिनीच्या तुकड्यांवरील झाडांची मोजदाद एका पिढीने दुसरीच्या हाती दिली, आणि ती शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ज्यांनी पहिली नोंद केली त्यांना तिचे फळ पाहावयास मिळणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या शाळेच्या आवारात एखादा वड, चिंच किंवा आंबा असेलच. दरवर्षी एका ठरावीक दिवशी मुलांकडून छातीइतक्या उंचीवर त्याचा घेर मोजून घ्यावा, आणि तो आकडा तारखेसह शाळेच्या दप्तरी एका स्वतंत्र नोंदवहीत लिहावा. बदली होऊन आपण जाल, वही राहील. नव्या गुरुजींना वा बाईंना कार्यभार देताना हजेरीपटाबरोबर ती वहीही त्यांच्या हाती द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.