सैल कातडीचे ऑपरेशन : घरातली तयारी



४०-५० किलो वजन उतरले, तरी ताणलेली कातडी मागे सरत नाही. पोटाखाली लोंबते आणि आपल्या खानदेशी उन्हाळ्यात घामाने घडीत चिघळते. काहीजणी याला नटण्याची हौस म्हणतात. त्यांनी वैशाखात एक दिवस ती घडी वागवून पाहावी!

ही कातडी प्लास्टिक सर्जन कापून काढतात. त्याआधी वजन निदान ६ महिने स्थिर असावे, बाळंतपणे आटोपलेली असावीत, साखर व रक्त तपासावे. डाळ, अंडी, दूध वाढवावे. आणि मिश्री! तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. म्हणून महिनाभर आधीपासूनच डबी बंद.

नंतर पोटाला पट्टा असतो, वाकून चालावे लागते. तरी चालावेच, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला, तर लगेच दवाखाना.

सुमारे ६ आठवडे हंडा उचलायचा नाही. तेव्हा पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, हे तारीख घेण्यापूर्वीच ठरवावे; घरात कोणी नसेल तर शेजारणीला सांगून ठेवावे. ऑपरेशन जळगावला आणि माहेर धुळ्याला असेल, तर विश्रांतीसाठी तिकडे जाण्याची घाई नको. टाके सर्जननेच पाहायचे असतात.